गच्चीवरचे निळे पत्रे

आटपाडीच्या अलीकडं एक वाडी आहे. तिथल्या निम्म्या घरांना वर्षातले अकरा महिने कुलूप असतं. घरची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानांत, कुणी केरळात तर कुणी पार बंगालात. तिकडं कमवायचं, इकडं घर बांधायचं आणि यात्रेला येऊन आठ दिवस त्यात राहायचं. संयोगिताचं घर त्यातलंच. फरक एवढाच, की ती त्यात बारा महिने राहत होती. नवरा वीरधवल त्रिचीला दुकानावर, मुलगी प्रियदर्शनी आटपाडीच्या शाळेत सातवीला, आणि घर सांभाळायला ही.

ती मूळची वाईची. घाटामागच्या बोळात भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेली. स्वतःचं घर मिळाल्यावर ती त्याच्या पाठीच लागली होती. दर दोन महिन्यांनी पाण्याची टाकी घासायची, बिजागऱ्यांना तेल सोडायचं, भिंतीला केसाएवढी चीर दिसली तरी पांढरं सिमेंट कालवायला बसायचं. वीरधवल फोनवर थट्टा करायचा, "घराला ताप-बिप आलाय का बघ जरा हात लावून."

चौथ्या वर्षी स्लॅब पाझरायला लागला. वरून दोनदा केमिकल मारून झालं, उपयोग झाला नाही. शेवटी रमजान मुलाण्यानं गच्चीवर लोखंडी पाइप उभे करून वर पत्र्याचं छप्पर घातलं. रमजानचं वेल्डिंगचं दुकान आटपाडी रस्त्याला होतं. वाडीतली बहुतेक गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, गोठे त्याच्या हातचे. पत्रे निळे घ्यायचे हे संयोगितानं ठरवलं. फाट्यावर एसटीतून उतरलं की तिथूनच आपलं घर ओळखू यायचं, याचं तिला बरं वाटायचं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

तिच्या घराला लागून हरिबाअण्णांचं घर होतं. कौलारू दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, कडेला शेरडांचा आडोसा. अण्णा आणि भामाकाकी दोघंच राहायची. मुलगा धैर्यशील सांगलीजवळ कुपवाडला कारखान्यात होता. अण्णा मितभाषी. सकाळी शेरडं घेऊन माळाला जायचे, दुपार कलली की परत. भामाकाकी मात्र सारखी ये-जा करायच्या. हाक न मारता सरळ स्वयंपाकघरात यायच्या, डब्याची झाकणं उचलून बघायच्या, "ह्यात काय केलंयस गं?" म्हणायच्या. संयोगिताला ते आवडायचं नाही. ती कधी बोलली नाही, पण दुपारी कडी आतून लावून घ्यायची सवय तिला त्यामुळंच लागली.

मार्चच्या मध्याला माळावरून वारं सुटलं आणि गच्चीवरचा एक पत्रा वाजायला लागला. दिवसभर टपटप, टपटप. तिनं रमजानला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, वर चढला आणि अर्ध्या तासानं तिला वर बोलावलं.

"वैनी, हे बघा." त्यानं पत्रा धरून ठेवणारा आकड्याचा बोल्ट दोन बोटांनी ओढला. तो तुटून त्याच्या हातात आला. तांबूस भुसा तिच्या पायाशी पडला. "ह्या पश्चिमेच्या बाजूचं निम्मं बोल्ट गेल्यात. वायसरचं रबर उनानं फुटलं, पाणी आत गेलं, गंजलं. आन् ह्यो कडंचा पाइपबी खालनं खाल्लाय."

"मग आता?"

"सोमवारी येतो. सगळं बोल्ट नवं घालू, पाइपाला खालनं नवी प्लेट मारू. एका दिसाचं काम हाय. पण लांबवू नका. चैत्रात वळवाचं वारं कसलं असतंय, तुमास्नी ठावं हाय."

ती बरं म्हणाली. पण सोमवारी रहिमतपूरला तिच्या नणंदेच्या घराची वास्तुशांत होती. दोन दिवस जायचं होतं. रविवारी संध्याकाळी तिनं रमजानला फोन करून सांगितलं, की उद्या नको.

"तुमी जावा की वैनी," तो म्हणाला. "मी आन् माजा माणूस करतो. किल्ली भामाकाकीपाशी ठेवा."

जिना घरातून होता. दिवाणखान्यातून, देवघरावरून वर जायचं. आपण नसताना भामाकाकी किल्ली घेऊन घरभर फिरतील, कपाटं बघतील, मग त्यावर गावात चार ठिकाणी बोलतील, हे तिच्या डोळ्यांपुढं आलं.

"नको," ती म्हणाली. "मी आले की करू."

ती बुधवारी परत आली. रमजान तोवर विट्याला एका मोठ्या शेडच्या कामावर गेला होता. "आठ-धा दिसानं येतो," म्हणाला. त्याच सुमाराला वारं पडलं आणि पत्रा वाजायचा थांबला. प्रियदर्शनीच्या परीक्षा सुरू झाल्या. पापड झाले, तिखट झालं. रमजानला पुन्हा फोन करायचा राहून गेला. एकदा दोनदा तिला आठवलं, पण तेव्हा हात पिठात होते.

वादळ आलं ते एप्रिलच्या सहा तारखेला, दुपारी चारच्या सुमाराला.

सकाळपासून कोंदट उकडत होतं. तीनला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, आणि मग माळावरची सगळी माती उठून वाडीच्या अंगावर आली. संयोगिता एकेक खिडकी लावत होती. वाऱ्याचा आवाज असा नव्हताच. एकसारखी घरघर होती, दळणाच्या चक्कीत उभं राहिल्यासारखी. वर पत्रे फडफडत होते. मग एक मोठा करकराट झाला आणि वरची फडफड एकदम थांबली. जिन्यात उजेड आला.

तिला आधी तो उजेडच कळला नाही. जिन्याच्या वरच्या दाराच्या फटीतून एवढा उजेड कधी येत नसे. ती धावत वर गेली, दार ढकललं. डोक्यावर उघडं आभाळ होतं. पश्चिमेची सगळी बाजू, पाच पत्रे आणि त्यांना धरून असलेला पाइप, जागेवर नव्हती. कठड्याचा कोपरा फुटला होता. टपोरे थेंब आणि त्यात गारा पडायला लागल्या होत्या.

तेवढ्यात खालून भामाकाकींचा आवाज आला. काही शब्द नव्हता. नुसता आवाज होता.

हरिबाअण्णा अंगणात कडब्याच्या गंजीवर ताडपत्री ओढत होते. पत्रे त्यांच्यावर आले होते. एक पत्रा गंजीवर, दोन कौलांवर, आणि पाइपासकट दोन अण्णांवर. त्यांचे पाय आणि एक हात तेवढा बाहेर दिसत होता. भामाकाकी पत्र्याची कड धरून उचलायला बघत होत्या आणि वारं तो पत्रा परत खाली दाबत होतं.

संयोगितानं दुसरी कड धरली. कडेनं तिचा तळवा चिरला, ते तिला नंतर समजलं. समोरच्या गल्लीतून दोन माणसं आली. चौघांनी मिळून पत्रा बाजूला केला. अण्णांच्या मानेला पाइपाचा मार लागला होता. डोळे उघडे होते. ते भामाकाकींकडं बघत होते आणि ओठ हलवत होते, पण आवाज येत नव्हता.

जीप मिळायला वीस मिनिटं गेली. रस्त्यात दोन ठिकाणी बाभळी आडव्या पडल्या होत्या. मागच्या बाकावर अण्णांचं डोकं संयोगिताच्या मांडीवर होतं. दवाखाना दिसायला लागला तेव्हा ते गेले. मांडीवरच्या डोक्याचा भार एकदम वेगळा झाला, तिला कळलं. तिनं काही सांगितलं नाही. भामाकाकी त्यांचे तळपाय चोळत होत्या, त्यांना तिनं चोळू दिले.

तिसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. वाडीत अकरा घरांची छपरं उडाली होती, दोन म्हशी आणि एक बैल गेला होता, आणि एक माणूस. तलाठी अण्णांच्या अंगणात खुर्चीवर बसून लिहीत होते. निळे पत्रे तिथंच भिंतीला उभे करून ठेवले होते. पंच म्हणून जी चार माणसं बोलावली, त्यांत रमजान होता.

"हे छप्पर कुणी बसवलेलं?" तलाठ्यांनी विचारलं.

"मी," रमजान म्हणाला.

"पक्कं होतं ना? का कुठं ढिलं-बिलं?"

संयोगिता तिच्या गेटमध्ये उभी होती. हाताला पट्टी होती. रमजाननं एकदा तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"पक्कं हुतं सायेब. वारंच तसलं हुतं. त्याला कोण काय करणार?"

तलाठ्यांनी मान हलवून लिहून घेतलं. आत्ता बोलावं, आत्ता, असं तिला वाटत राहिलं, आणि तेवढ्यात कागद पुढच्या घरी गेला.

वीरधवल चौथ्या दिवशी आला. दोन दिवसांचा प्रवास करून आलेला, दाढी वाढलेली. त्या दुपारी जेवताना संयोगितानं त्याला सगळं सांगितलं. बोल्ट, सोमवार, किल्ली. त्याचा घास हातातच राहिला.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही. रमजानभाईंना माहीत आहे फक्त."

"मग आता कुणाला बोलू नगंस." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "हे बघ, अण्णा आता माघारी येणार हायत का? न्हाईत. वादळात गेल्याचं कागदावर आलंय, त्यावर काकीला सरकारची मदत मिळणार. तू बोललीस तर ती अडकल. पोलीस येतील ते येगळंच. कुणाचं भलं हाय त्यात?"

त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. तिनं ताट उचललं.

वीरधवलनं आठ दिवसांत सगळं करून घेतलं. रमजानला सांगून गच्चीवर नवं छप्पर चढवलं, या वेळी दुप्पट जाड पाइप, प्रत्येक पत्र्याला दुप्पट बोल्ट. भामाकाकींच्या घराची फुटलेली कौलंही त्यानंच बदलून दिली, खालचे दोन वासे नवे घातले. रमजान आणि त्याचा माणूस दिवसभर वर ठोकत असायचे. संयोगिता चहा घेऊन वर जायची तेव्हा रमजान कप घ्यायचा, पण तिच्याकडं बघायचा नाही. एकदाच ती हळू आवाजात म्हणाली, "रमजानभाई, त्या दिवशी तुम्ही..."

"ऱ्हाऊ द्या वैनी," तो म्हणाला. "काकीचं नुकसान नगं व्हायला, म्हणून म्हटलं. तुमच्यासाठी न्हाई."

तेराव्याला सगळी वाडी जेवून गेली. वीरधवल दुसऱ्या दिवशी त्रिचीला परतला. धैर्यशील कुपवाडला गेला, दीड महिन्यानं आईला न्यायला येतो म्हणून. भामाकाकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "ह्या पोरीनं लेकीगत केलं बगा. जीपमधी मांडीवर घेतलं त्यास्नी. तिचाबी हात चिरला." ऐकताना संयोगिता पदराचं टोक चुरगळत उभी राहायची. आता भामाकाकी स्वयंपाकघरात येत नव्हत्या. ओसरीच्या पायरीवर येऊन बसायच्या, दिलेला चहा प्यायच्या आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत राहायच्या.

तीन-चार दिवसांनी, अशाच एका सकाळी, त्या बोलायला लागल्या.

"मला रातीला झोप लागंना गं."

"का हो काकी?"

"म्याच धाडलं त्यास्नी भाईर." त्या रस्त्याकडंच बघत होत्या. "ते आत बसलं हुतं. बिडी पेटवली हुती. मी म्हटलं, आवं, कडबा भिजंल, ताडपत्री वडा. ते म्हनलं, ऱ्हाऊ दे, वारं लय हाय. म्या लावली कटकट. भिजला कडबा तर शेरडास्नी काय घालता, म्हटलं. तवा उठलं. बिडी तशीच कोनाड्यात ठिवली." त्यांनी कपाची कड अंगठ्यानं पुसली. "सगळी म्हनत्यात वाऱ्यानं नेलं. वाऱ्यानं कशापायी? म्या नेलं."

संयोगिता त्यांच्यापुढं पायरीवर बसली. वीरधवलनं सांगितलेलं सगळं तिला आठवत होतं. मदतीचा कागद, पोलीस, कुणाचं भलं. पण ही बाई पुढची सगळी वर्षं रोज पहाटे उठून हेच म्हणणार होती, आणि खरं काय ते ठाऊक असून आपण गप्प राहणार होतो.

"काकी, तुमच्यानं नाही झालं ते," ती म्हणाली. "माझ्यानं झालं."

भामाकाकींनी मान वळवली.

तिनं सगळं सांगितलं. एकदा सुरू केल्यावर थांबली नाही. रमजाननं तोडून दाखवलेला बोल्ट, सोमवारचं ठरलेलं काम, रहिमतपूर. किल्लीपाशी आल्यावर ती अडखळली, पण तेही सांगितलं.

भामाकाकींनी कप मांडीवर टेकवला. मग विचारलं, "किती दिस आधी?"

"तीन आठवडे."

"रमजाननं म्हटलं हुतं, किल्ली माज्यापाशी ठिवा?"

"हो."

"आन् तू न्हाई म्हनलीस."

"हो."

"का? मी चोर हाय?"

भामाकाकींनी चहाचा कप पायरीवर ठेवला. अर्धा चहा तसाच होता. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, आपल्या अंगणात गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्या संयोगिताच्या पायरीवर आल्या नाहीत.

धैर्यशीलला आईनं फोनवर सांगितलं असावं. तो दोन दिवसांनी मोटारसायकलवर आला, आणि संयोगिताकडं नव्हे, रमजानच्या दुकानात गेला. बाईमाणसाशी काय भांडायचं, असं त्याला वाटलं असेल. भर बाजारच्या दिवशी त्यानं रमजानची कॉलर धरली.

"माहीत हुतं तुला! माहीत असून सरकारपुढं खोटं बोललास! माजा बाप मेला रं!"

रमजान एकदाही उलट बोलला नाही. लोकांनी सोडवलं. पण संध्याकाळपर्यंत वाडीत आणि शेजारच्या दोन गावांत एवढंच पसरलं, की मुलाण्यानं बसवलेलं छप्पर कच्चं होतं, ते त्याला माहीत होतं, आणि पंचनाम्यात त्यानं लपवलं. किल्ली, सोमवार, संयोगितानं नको म्हटलेलं, हे सगळं मधल्यामधे गळून पडलं. तीनच दिवसांत रमजानची दोन कामं गेली. शाळेच्या गेटचं काम दुसऱ्याला दिलं. दुसरं काम म्हणजे एका मोठ्या गोठ्याचं छप्पर. त्या मालकानं तोंडावर सांगितलं, "नगं गड्या, जित्राबं हायत माजी."

हे कळल्यावर संयोगिता रमजानच्या घरी गेली. रमजान कुठंतरी बाहेर गेला होता. त्याची बायको परवीन शिलाई मशीनवर बसली होती. तिनं बसा म्हटलं, पाणी दिलं आणि पुन्हा मशीनवर बसली.

"मला काकींना सांगायचंच होतं," संयोगिता म्हणाली. "तुमच्यावर येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही."

परवीननं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "आमच्या ह्यांनी तुमास्नी काय म्हटलं हुतं? लांबवू नका म्हटलं हुतं ना?"

"हो."

"मग हे चुकलं कुटं? तुमी काकीला सांगून मोकळ्या झाला. बरं केलं. पर गावात ते कोण सांगनार? आमी सांगितलं तर लोक म्हनणार, आता आपलं झाकायला बोलत्यात."

संयोगिता पाण्याचा पेला ठेवून उठली. येताना तिला रस्ता फार लांब वाटला.

एक मेची ग्रामसभा चार दिवसांवर होती. तिनं वीरधवलला फोन करून सांगितलं, की मी सभेत बोलणार आहे. पलीकडं बराच वेळ दुकानातल्या भट्टीच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

"तुला काय यड लागलंय का?" तो म्हणाला. "पोरीला शाळंत काय ऐकाय लागंल, त्याचा इचार केलास?"

"केला."

"मग?"

"रमजानभाईंचं दुकान बंद पडायला लागलंय."

"मी पाठवतो की त्याला काम. इकडनं चार जणांची घरं हायत, सांगतो त्यास्नी."

"काम नकोय त्यांना. नाव हवंय."

तो चिडून काहीबाही बोलला आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतर पंधरा दिवस तो फक्त प्रियदर्शनीशी बोलत होता.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात होती. झेंडावंदन होऊन गेलेलं, ऊन चढलेलं. पन्नास-साठ पुरुष आणि एका बाजूला दहा-बारा बाया. पाण्याच्या टाकीचा विषय झाला, रस्त्याचा झाला. वादळाच्या मदतीचा विषय निघाला तेव्हा संयोगिता उठली. तिनं मंडपाच्या बांबूला धरलं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "माझ्या गच्चीवरचे बोल्ट गंजलेत हे रमजानभाईंनी मला वादळाच्या तीन आठवडे आधी वर नेऊन दाखवलं होतं. लांबवू नका म्हणाले होते. सोमवारी काम करायला तयार होते. मीच नको म्हटलं. नंतर फोनही मीच केला नाही. त्यांचा त्यात काही दोष नाही. पंचनाम्यात ते जे बोलले, ते भामाकाकींची मदत अडू नये म्हणून बोलले. अण्णा गेले ते माझ्या हलगर्जीपणानं."

मागं एक पोर रडत होतं, त्याला त्याच्या आईनं उचलून बाहेर नेलं. ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवलं. "ताई, हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या."

"त्याचे परिणाम..."

"घ्या लिहून."

त्यांनी लिहिलं. तिनं खाली सही केली. दुसऱ्या दिवशी तिनं तेच कागदावर लिहून तलाठ्यांकडंही नेऊन दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, कपाळ चोळलं आणि फाईलला लावलं. धैर्यशीलनं पोलिसांत तक्रार द्यायची ठरवली होती, पण भामाकाकींनी त्याला अडवलं. "मला कुणाचं कागूद नगं," असं त्या म्हणाल्याचं संयोगिताला दुसऱ्यांकडून समजलं. मदतीचं प्रकरण तालुक्याला पडून राहिलं. नाही म्हणून उत्तर आलं नाही आणि हो म्हणूनही आलं नाही.

रमजानच्या नावावरचा डाग निघाला, पण एकदम नाही. सभेनंतर चार-पाच दिवसांनी एका म्हाताऱ्यानं त्याला आपल्या गोठ्याचे बोल्ट बघायला बोलावलं. मग दुसऱ्यानं. लोक घाबरले होते. मे संपेपर्यंत रमजान वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक छपरावर चढला होता, कुलूपबंद घरांवरसुद्धा. मालक केरळातून, बंगालातून फोन करून सांगत होते. संयोगिता तिच्या गच्चीवरून त्याला या ना त्या पत्र्यावर उकिडवा बसलेला बघायची. तिच्या घराकडं तो फिरकला नाही. गेटच्या कडीचं वेल्डिंग सुटलं तेव्हा तिनं फोन केला, तर त्यानं माणूस पाठवून दिला.

बाया तिच्याशी बोलायच्या, पण जपून, आजारी माणसाशी बोलावं तशा. प्रियदर्शनीनं एक दिवस मैत्रिणीच्या घरून येऊन चपला भिरकावल्या आणि जेवली नाही. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आणि संयोगितानं विचारलं नाही. संध्याकाळी मात्र ती आपण होऊन आईच्या शेजारी येऊन बसली, पाठीला पाठ लावून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धैर्यशील टेम्पो घेऊन आईला न्यायला आला. शेरडं आधीच एका भाच्याकडं दिली होती. सामान थोडंच होतं. दोन गाद्या, भांड्यांची पोती, जातं, अण्णांची खाट. संयोगिता गेटमध्ये उभी राहून बघत होती. धैर्यशील टेम्पोत खाट बांधत होता. भामाकाकींनी आतून एक लोखंडी पेटी ओढत उंबऱ्यापर्यंत आणली आणि तिथं थांबल्या. दम लागला होता. पेटी जड होती.

संयोगिता अंगणात गेली आणि पेटीची दुसरी कडी धरली. भामाकाकी नको म्हणतील असं तिला वाटलं. पण त्यांनी आपल्या बाजूची कडी उचलली. दोघी तिरप्या तिरप्या चालत अंगण ओलांडून निघाल्या. मधे दोनदा भामाकाकी थांबल्या, संयोगिताही थांबली. मध्येच धैर्यशीलनं मागं वळून बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आईचा चेहरा बघून परत दोरीकडं वळला.

टेम्पोपाशी आल्यावर पेटी वर चढवायला संयोगितानं पाऊल मागं टाकलं. मागं गटारीची कड होती.

"मागं बग," भामाकाकी म्हणाल्या.

तिनं पाय सावरला. पेटी वर गेली. भामाकाकी ड्रायव्हरशेजारी बसल्या, पदर डोक्यावरून पुढं ओढला. टेम्पो फाट्याकडं वळेपर्यंत संयोगिता रस्त्यात उभी राहिली. मग ती त्यांच्या मोकळ्या अंगणात गेली, राहिलेला कडब्याचा चुरा आणि सुतळीचे तुकडे झाडून एका कोपऱ्यात गोळा केले, आणि घरी गेली.